मसुद्यावर हरकत कशी नोंदवायची: इंटरनेट आणि अभिव्यक्तीच्या कायद्यांविरुद्ध पहिल्यांदाच उभं राहणाऱ्यांसाठी

डिसेंबर २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातली दुरुस्ती लोकसभेत चर्चेविना मंजूर झाली. त्या दुरुस्तीत कलम ६६ अ होतं. संगणकावरून किंवा मोबाइलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा दुसऱ्याला वैताग आणणारा मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, असं ते कलम. तेव्हा फारशी ओरड झाली नाही. ती झाली नोव्हेंबर २०१२ मध्ये, मुंबई बंदवरच्या एका फेसबुक पोस्टसाठी पालघरच्या दोन तरुणींना अटक झाल्यावर. त्यातल्या एकीने ती पोस्ट नुसती लाइक केली होती. मग श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी कलम रद्द झालं. मंजुरीपासून रद्द होईपर्यंत सहा वर्षांहून जास्त काळ गेला, आणि तेवढ्या काळात किती जणांनी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या ते वेगळंच.

कायदा झाल्यावरही लढता येतं, पण ते फार महाग पडतं. म्हणून हा लेख मुख्यतः त्याआधीच्या टप्प्याबद्दल आहे, कागद अजून मसुदा असतो तेव्हाच्या. त्या वेळी तुमचा खर्च असतो दोन-तीन संध्याकाळी आणि एक ईमेल.

आधी कागद ओळखा

बातमीत सगळ्यालाच ‘नवा कायदा’ म्हणतात. तुम्ही मात्र विचारायचं: हे विधेयक आहे, अध्यादेश आहे, नियम आहेत की नुसता शासन निर्णय? विधेयक सभागृहात जातं, तिथे दुरुस्त्या सुचवता येतात. नियम मंत्रालयात तयार होतात, राजपत्रात छापले की लागू होतात आणि नंतर सभागृहाच्या पटलावर ठेवले जातात. इंटरनेटच्या बाबतीत खरा दणका बहुधा नियमांतूनच बसतो, आणि लोकांचं लक्ष नेमकं तिथेच नसतं. पटलावर आलेले नियम रद्द करण्याचा प्रस्ताव कोणताही खासदार मांडू शकतो. मध्यस्थ कंपन्यांसाठीच्या, म्हणजे लोकांचा मजकूर आपल्या मंचावर ठेवणाऱ्या फेसबुकसारख्या कंपन्यांसाठीच्या, २०११ च्या नियमांविरुद्ध खासदार पी. राजीव यांनी मे २०१२ मध्ये राज्यसभेत तसा प्रस्ताव मांडला. तो पडला, पण मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागलं आणि पुन्हा चर्चा करण्याचं आश्वासन द्यावं लागलं.

शीर्षकावर कधीच विसंबू नका. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलची कोणती बातमी खोटी हे सरकारी विभागच ठरवणार, ही तरतूद जानेवारी २०२३ मध्ये कुठे आली? ऑनलाइन गेमिंगच्या नियमांवर हरकती मागवणं चालू असताना, त्याच मसुद्यात. गेमिंगशी आपला काय संबंध, असं म्हणून ज्यांनी फाइल उघडलीच नाही त्यांना ती दिसली नाही.

मग तारीख पाहा. केंद्राच्या फेब्रुवारी २०१४ च्या धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायला हवा. ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे पाळलं जातंच असं नाही. जून २०२१ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा आला, तेव्हा १४ दिवस दिले होते. प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट पुन्हा तपासणीला बोलावण्याचा अधिकार केंद्राला देणारं कलम त्यात होतं. मुंबईतल्या चित्रपटवाल्यांनी तेवढ्या दिवसांतच हरकती धाडल्या. २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात ते कलम नाही.

मुदत अपुरी असेल तर पहिलं पत्र मुदतवाढीचं लिहा. चार ओळी पुरतात, त्यात २०१४ च्या धोरणाचा उल्लेख हवा. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला, त्याची १८ फेब्रुवारीची मुदत ५ मार्चपर्यंत वाढली होती. मुदतवाढ मिळेलच या भरवशावर मात्र थांबू नका.

वाचन: मधूनच सुरू करा

मसुदा पहिल्या पानापासून वाचायला घेतला की तिसऱ्या पानावर झोप येते. प्रस्तावना आणि उद्देशांचं निवेदन शेवटी वाचा. तिथे सगळं गोडच लिहिलेलं असतं. आधी व्याख्या, मग शिक्षा, मग निर्णय कोण घेणार, मग अपील कुठे. या चार जागा वाचल्या की बहुतेक मामला हाती येतो.

व्याख्या वाचताना राज्यघटनेचं कलम १९(२) शेजारी ठेवा. भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालायला तिथे ठरावीक कारणं दिली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. ‘वैताग’, ‘गैरसोय’, ‘दिशाभूल’, ‘प्रतिमा मलीन करणं’ यातलं काहीही तिच्यात नाही. मसुद्यातला निर्बंध यादीतल्या कोणत्या कारणाखाली बसतो, हा प्रश्न तुमच्या हरकतीचा कणा. सिंघल निकालाने आणखी एक मोजपट्टी दिली: एखाद्या विषयाची चर्चा करणं वेगळं, त्याची बाजू घेणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं. ते बोलणं कितीही अप्रिय असलं तरी पहिल्या दोन्हींना संरक्षण आहे.

निर्णय कोण घेणार याकडे मी सगळ्यात जास्त वेळ देतो. ज्याच्यावर टीका होणार तोच ती टीका खोटी की खरी हे ठरवणार असेल, तर बाकीचा मसुदा कितीही देखणा असू दे. वर सांगितलेली खोट्या बातमीची तरतूद एप्रिल २०२३ मध्ये नियमांत आली. विनोदवीर कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचं मत एकमेकांविरुद्ध गेलं, तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे प्रकरण गेलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तरतूद रद्द झाली. ‘बनावट, खोटी किंवा दिशाभूल करणारी’ या शब्दांना नीट व्याख्या नाही, हा त्यातला एक ठळक मुद्दा होता. असा मुद्दा मसुदा वाचणाऱ्या कुणालाही सापडू शकतो, त्यासाठी वकिलीची सनद लागत नाही.

वाचता वाचता ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ हे शब्द येतील तिथे पेन्सिलीने खूण करा. महत्त्वाची गोष्ट नंतर नियमांतून ठरवू, असा त्याचा अर्थ. अशा खुणा जितक्या जास्त, तितका सभागृहाच्या हातचा कागद कोरा.

हरकत लिहिणं

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण बहुतेकांची मेहनत इथेच वाया जाते.

२०१५ मधली नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखीच वागणूक मिळावी यासाठीची, लढाई अनेकांना आठवत असेल. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मार्चमध्ये सल्लामसलत पत्र काढलं. ते शंभरावर पानांचं होतं, शेवटी २० प्रश्न होते. स्वयंसेवकांनी त्या वीस प्रश्नांची उत्तरं तयार करून लोकांपुढे ठेवली आणि दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. पुढे डिसेंबरमध्ये वेगवेगळ्या दरांबद्दल दुसरं पत्र आलं. या वेळी फेसबुकने आपल्या ‘फ्री बेसिक्स’ या मोजकीच संकेतस्थळं फुकट देणाऱ्या योजनेच्या बाजूने वापरकर्त्यांकडून लाखो ईमेल धाडले. पण त्यांतला मजकूर ‘आमचा फ्री बेसिक्सला पाठिंबा आहे’ एवढाच. विचारलेल्या प्रश्नांना त्यात उत्तरच नाही, असं ट्रायने स्पष्ट कळवलं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून वेगळा दर लावण्यावर बंदी आली. संख्या लागते, पण प्रश्नाला सोडून असलेली संख्या फुकट जाते.

म्हणून ‘हा काळा कायदा मागे घ्या’ हे वाक्य घोषणेसाठी ठेवा. हरकतीत प्रत्येक मुद्दा असा मांडा: कलम क्रमांक, त्यातले मूळ शब्द, त्यामुळे काय होईल, त्याऐवजी काय हवं. उदाहरणार्थ:

‘कलम अमुक, उपकलम तमुक. मूळ शब्द: “सार्वजनिक सुव्यवस्थेत व्यत्यय आणण्याचा कल असलेली कृती”. आक्षेप: “कल” म्हणजे काय याची व्याख्या नाही. पाणीटंचाईवर तहसील कार्यालयासमोर केलेल्या निदर्शनाचा व्हिडिओ टाकणाराही यात येऊ शकतो. सूचना: “कल असलेली” हे शब्द वगळावेत व त्याऐवजी “हिंसेला थेट चिथावणी देणारी” असे शब्द घालावेत.’

उदाहरण तुमच्या कामातलं असू द्या. तुम्ही तालुक्याच्या बातम्यांचं यूट्यूब चॅनल चालवत असाल तर तेच लिहा. २०२४ मध्ये प्रसारण सेवा विधेयकाच्या नव्या मसुद्यात स्वतंत्र यूट्यूबरही ‘डिजिटल बातमी प्रसारक’ ठरतील अशी भीती होती. तो मसुदा जाहीर न करता मोजक्या लोकांना दिला गेला होता, आणि ओरड झाल्यावर ऑगस्टमध्ये मागे घेतला गेला. अशा विषयावर घटनातज्ज्ञ काय म्हणतात ते मंत्रालयाला ठाऊक असतं. एका माणसाच्या चॅनलला तक्रार निवारण अधिकारी नेमणं परवडेल का, हे मात्र तुम्हीच सांगू शकता.

अशा नेमक्या हरकतीने काय साधतं, याचं माझ्या आवडीचं उदाहरण कॉपीराइटचं आहे. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात दृष्टिहीनांसाठी पुस्तकाची प्रत करायला सूट होती, पण ती ब्रेलसारख्या ‘विशेष’ स्वरूपांपुरती. ऑडिओ किंवा संगणकाला वाचता येईल अशी प्रत हवी असेल तर परवान्याची वाट धरायची. दिव्यांगांच्या संघटनांनी संसदेच्या स्थायी समितीपुढे साधा प्रश्न मांडला: ब्रेल न वाचणाऱ्याने काय करायचं? डिस्लेक्सिया असलेल्या मुलाने काय करायचं? २०१२ च्या कायद्यात कलम ५२(१) मधली ही सूट कोणत्याही सुगम स्वरूपापर्यंत वाढली. सगळं विधेयक त्यांना नको होतं असं नाही. त्यांनी एक कलम धरलं आणि ते बदलून घेतलं.

उलट बाजूही सांगतो. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकात ‘बेकायदेशीर कृत्या’च्या व्याख्येत बोललेले आणि लिहिलेले शब्दही येतात. ते संयुक्त समितीकडे गेलं, चंद्रशेखर बावनकुळे समितीचे प्रमुख होते, आणि बारा हजारांवर हरकती-सूचना आल्या. बदल मोजकेच झाले: उद्देशातल्या ‘व्यक्ती व संघटना’ या मोघम शब्दांच्या जागी कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांचा उल्लेख आला, सल्लागार मंडळाची रचना बदलली आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. मोघम व्याख्या, जिच्याबद्दल सगळ्यात जास्त हरकती होत्या, ती जवळपास तशीच राहिली. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. बारा हजार हरकतींना एवढंच फळ, असं कुणी म्हणेल आणि ते खोटंही नाही. पण त्या हरकती आता नोंदीवर आहेत, उद्या न्यायालयात ‘कुणी आक्षेपच घेतला नव्हता’ असं सरकारला म्हणता येणार नाही.

पाठवणं आणि पोच

राज्याच्या मसुद्यावर मराठीतच लिहा. केंद्राच्या मसुद्यावर लिहिताना मराठी मजकुरासोबत इंग्रजी गोषवारा जोडलेला बरा. ईमेल पाठवला तरी टपालाने एक प्रत धाडा, किंवा हाती देऊन आवक क्रमांकासह पोच घ्या. शिक्का नसलेली प्रत म्हणजे न दिलेली प्रत, असंच धरून चाला.

आणखी एक खबरदारी. एप्रिल २०१५ मध्ये ट्रायने आलेल्या सगळ्या प्रतिक्रिया पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकल्या होत्या. त्यामुळे अशा कामासाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवा, आणि गरज नसेल तिथे घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक देऊ नका. सरकारी नोकरीत असाल, अनुदानित शाळेत शिक्षक असाल, तर आधी आपल्याला लागू असलेले वर्तणूक नियम वाचा. तुमचं नाव नको असेल तर संस्थेच्या नावाने हरकत जाऊ शकते.

आमदार-खासदारांना गाठताना

महाराष्ट्रात २८८ आमदार विधानसभेत, ७८ विधान परिषदेत. लोकसभेत ४८ खासदार, राज्यसभेत १९. सगळ्यांना तोच मेसेज पाठवून काही होत नाही. विधेयक ज्या समितीकडे आहे तिचे सदस्य कोण, हे आधी पाहा. तुमच्या जिल्ह्यातलं कुणी असेल तर तिथून सुरुवात करा. भेटीला एक पान न्या, दोन नकोत. त्या पानावर सभागृहात वाचता येईल असा एक प्रश्न आणि मांडता येईल अशी एक दुरुस्ती तयार ठेवा. आमदाराच्या स्वीय सहायकाला आयता मजकूर आवडतो, यात लाजण्यासारखं काही नाही.

सत्ताधारी पक्षाचा आमदार उघड विरोध करणार नाही, हे गृहीत धरा. पण बंद दाराआड ‘माझ्या मतदारसंघातले पत्रकार नाराज आहेत’ एवढं तो बोलू शकतो, आणि त्याला वजन असतं. म्हणून एकटे जाऊ नका. तालुका पत्रकार संघ, वकील संघ, सार्वजनिक वाचनालय, नाट्यसंस्था यांच्या लेटरहेडवर निवेदन असलं की बोलण्याचा सूर बदलतो. हिवाळी अधिवेशनात सगळे नागपुरात एका ठिकाणी सापडतात. विदर्भातल्यांनी त्याचा फायदा घ्यावा.

रस्त्यावर

निदर्शनं करायची तर आधी पोलिसांना लेखी कळवा आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचा मनाई आदेश लागू आहे का ते विचारा. अनेक जिल्ह्यांत तो कुठल्या ना कुठल्या कारणाने लागू असतोच. मुंबईत आंदोलनाची जागा म्हणजे आझाद मैदान. फलकावरच्या मजकुराची जबाबदारी आयोजकावर येते, तेव्हा कुणी आयत्या वेळी आणलेले फलक वाचल्याशिवाय उंचावू देऊ नका.

कोर्टाची पायरी कधी?

कायदा किंवा नियम लागू झाल्यावर, आणि झळ कुणाला बसते ते दाखवता येत असेल तेव्हा. घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंचही. डिजिटल माध्यमांसाठीच्या २०२१ च्या नियमांना पत्रकार निखिल वागळे आणि एका वृत्त संकेतस्थळाने मुंबईत आव्हान दिलं होतं. १४ ऑगस्ट २०२१ रोजी आचारसंहिता पाळायला लावणाऱ्या नियम ९ च्या दोन उपनियमांना स्थगिती मिळाली. नवख्याने स्वतः याचिका लिहायच्या भानगडीत पडू नये. घाईत केलेली कच्ची याचिका फेटाळली गेली तर पुढच्या सगळ्यांची वाट अडते. तुमच्याकडच्या पोच घेतलेल्या हरकती आणि प्रत्यक्ष घटनांचे पुरावे चांगल्या वकिलाला द्या, तेच मोठं काम.

तुमच्यावरच आलं तर

पोस्टवरून ठाण्यातून फोन आला तर लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस येते. त्याप्रमाणे हजर राहिलात तर कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं आणि ६० वर्षांवरचे पुरुष यांना ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या घरी यावं लागतं. फोन जप्त केला तर यादीची प्रत मागा. जप्तीचं चित्रीकरण आता कायद्यानेच बंधनकारक आहे. गुन्हा कलम ६६ अ खाली असेल, आणि रद्द झाल्यावरही तसे गुन्हे नोंदवले गेले आहेत, तर या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही असं सांगणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या १२ ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाची प्रत दाखवा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कॉपीराइटच्या नावाखाली टीका दाबणं हा वेगळा प्रकार. भाषणाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा दाखवून त्यावर टीका केली की व्हिडिओवर स्ट्राइक येते, म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून मंच तो काढून टाकतो. समीक्षा, टीका आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ खाली वाजवी वापराला मुभा आहे. स्ट्राइकला उत्तर म्हणून मंचाला द्यायच्या प्रतिनोटिशीत तेच कलम लिहा. निराधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध कलम ६० खाली दावाही करता येतो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

मुदत संपल्यानंतर

हरकती पाठवल्या की लोक विसरतात आणि मंत्रालयाला तेच हवं असतं. मागे घेतलेला मसुदा वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या नावाने परत येतो, म्हणून आधीच्या मसुद्याची प्रत स्वतःकडे उतरवून ठेवा. संकेतस्थळावरून ती गायब होते. आणि माहिती अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्यातल्या कार्यालयांसाठी अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. मजकूर साधा ठेवा:

‘अमुक मसुद्यावर दिनांक अमुक ते तमुक या काळात प्राप्त झालेल्या हरकती व सूचनांची एकूण संख्या, त्यांची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम, छाननीनंतर तयार केलेल्या टिप्पणीची प्रत, मसुद्यात केलेल्या बदलांची कलमनिहाय यादी, माझी हरकत, आवक क्रमांक अमुक, हिच्यावर नोंदवलेला शेरा.’